मानसिक आरोग्य चळवळीचे प्रवर्तक क्लिफर्ड बीअर्स

दरवर्षी १० ऑक्टोबर रोजी जगभर मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. जागतिक मानसिक आरोग्य महासंघाने १९९२ मध्ये या दिनाची सुरुवात केली. या दिवशी भारतातही शिबिरे, व्याख्याने आणि समुपदेशनाचे कार्यक्रम होतात. मानसिक आजार ही केवळ रुग्णालयाची बाब नसून संपूर्ण समाजाची जबाबदारी आहे, हा विचार आज सर्वमान्य झाला आहे. मात्र शंभर वर्षांपूर्वी तशी स्थिती नव्हती. हा विचार संघटित रूपात प्रथम मांडणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे क्लिफर्ड बीअर्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते डॉक्टर नव्हते, राजकीय नेते नव्हते आणि धनिकही नव्हते. तीन वर्षे मनोरुग्णालयांत काढून बाहेर आलेले ते एक सामान्य नोकरदार होते.

बालपण आणि मनात बसलेली भीती

क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बीअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहरात झाला. पाच भावंडांच्या मध्यमवर्गीय कुटुंबात ते वाढले. स्वभावाने ते संकोची, परंतु हुशार होते. त्याच शहरातील प्रख्यात येल विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत त्यांनी प्रवेश घेतला.

शिक्षण सुरू असतानाच, १८९४ मध्ये, त्यांच्या थोरल्या भावाला अपस्माराचा झटका आला. आजार वाढत गेला. भावाच्या वेदना जवळून पाहणाऱ्या क्लिफर्ड यांच्या मनात, आपल्यालाही हाच आजार होणार, अशी भीती घर करून बसली. वर्गात उभे राहून उत्तर देण्याचीही त्यांना धास्ती वाटू लागली. सर्वांसमक्ष झटका आला तर काय, ही चिंता त्यांना सोडेना. विशेष म्हणजे ही भीती त्यांनी कोणाजवळही बोलून दाखविली नाही. चारचौघांत ते हसतमुख राहिले आणि १८९७ मध्ये पदवीधर झाले. काही काळ त्यांनी न्यू हेवन येथील करवसुली कार्यालयात नोकरी केली. त्यानंतर ते न्यूयॉर्कमधील एका विमा कंपनीत लिपिक म्हणून रुजू झाले.

सहा वर्षे मनात दडवून ठेवलेल्या या भीतीचा स्फोट अखेर १९०० च्या जून महिन्यात झाला. काम अशक्य झाल्याने ते घरी परतले. आजार आपल्याला गाठणारच, अशी त्यांची खात्री झाली होती. २३ जून १९०० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते बचावले, परंतु त्यांच्या पायांना गंभीर दुखापत झाली. त्यानंतर अल्पावधीतच, जुलैच्या प्रारंभी, त्यांचे आजारी बंधू निवर्तले. क्लिफर्ड यांना अपस्मार कधीच झाला नाही.

७९८ दिवसांचा अंधार

रुग्णालयात दाखल केल्यानंतर क्लिफर्ड यांच्या मनात वेगळ्याच भ्रमाने मूळ धरले. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असून आपण आता पोलिसांच्या कैदेत आहोत, अशी त्यांची समजूत झाली. खिडकीचे गज त्यांना तुरुंगाचे वाटले. भेटीला येणारे आईवडील व भाऊ हे खरे नातलग नसून वेशांतर केलेले गुप्तहेर आहेत, असे ते मानू लागले. आपला एखादा शब्द आपल्याच विरोधात पुरावा म्हणून वापरला जाईल, या भयाने त्यांनी बोलणेच सोडून दिले. प्रथम एका खासगी रुग्णालयात, काही काळ एका परिचारकाच्या घरी आणि १९०१ च्या जूनपासून हार्टफर्ड शहरातील मनोरुग्णालयात त्यांना ठेवण्यात आले.

या काळातील त्यांची अवस्था बाहेरून पाहणाऱ्यास केवळ मूक आणि जड वाटत असे. प्रत्यक्षात त्यांचे मन अखंड तर्क करीत होते. त्या तर्काचा पायाच चुकीचा होता. पुढे त्यांनी याच गोष्टीवर भर दिला. रुग्ण बोलत नाही, म्हणजे त्याला काही कळत नाही, असे समजणे ही मोठी चूक आहे, हे त्यांनी स्वानुभवावरून सांगितले.

या भ्रमातून त्यांची सुटका झाली तीही त्यांच्या स्वतःच्याच तर्कशक्तीमुळे. रुग्णालयातील एका सहरुग्णाशी त्यांचा हळूहळू संवाद सुरू झाला होता. भेटायला येणारा जॉर्ज हा आपला खरा भाऊ आहे की तोतया, याची परीक्षा घेण्याचे त्यांनी ठरविले. जॉर्ज यांचा पत्ता या सहरुग्णाने शोधून दिला. क्लिफर्ड यांनी त्या पत्त्यावर गुपचूप एक पत्र पाठविले आणि येताना हेच पत्र सोबत आणण्यास सांगितले. तोतयाच्या हाती हे पत्र पडणे शक्य नाही, असा त्यांचा हिशेब होता. ३० ऑगस्ट १९०२ रोजी जॉर्ज ते पत्र घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. ओळख पटली आणि ७९८ दिवसांचा भ्रम त्या क्षणी कोसळला.

बंद खोलीतून राज्यपालांपर्यंत

मात्र आजार तेथे संपला नाही. विषण्णतेची जागा उन्मादाने घेतली. दोन वर्षे मूक असलेले क्लिफर्ड आता अखंड बोलू लागले, पानेच्या पाने लिहू लागले, चित्रे काढू लागले. आपल्या हातून मोठे कार्य घडणार आहे, असे त्यांना वाटू लागले. डॉक्टर व परिचारकांशी त्यांचे खटके उडू लागले. परिणामी त्यांना आक्रमक रुग्णांच्या विभागात हलविण्यात आले. हात शरीराशी जखडून टाकणारा जाड कापडाचा अंगरखा घालून त्यांना सलग कित्येक रात्री बांधून ठेवण्यात आले. थंडीच्या दिवसांत अपुऱ्या कपड्यांनिशी त्यांनी बंद खोलीत दिवस काढले. लिहिण्याचे साहित्यही त्यांच्याकडून काढून घेण्यात आले.

१९०२ च्या अखेरीस त्यांची रवानगी मिडलटाउन येथील सरकारी मनोरुग्णालयात झाली. परिचारकांकडून रुग्णांना होणारी मारहाण त्यांनी तेथे उघड्या डोळ्यांनी पाहिली. ज्यांना आपली बाजू मांडता येत नव्हती, असे रुग्णच या मारहाणीचे अधिक बळी ठरत, हेही त्यांच्या लक्षात आले. परिस्थितीची खरी कल्पना यावी म्हणून आपल्याला सर्वांत वाईट विभागात पाठविले जाईल, अशी वर्तणूक त्यांनी मुद्दाम केली. तेथील अनुभव लिहून त्यांनी १९०३ मध्ये एक दीर्घ पत्र रुग्णालयाबाहेर पाठविले. ते थेट राज्याच्या राज्यपालांपर्यंत पोहोचले आणि राज्यपालांनी त्याची दखलही घेतली.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्या काळातील मनोरुग्णालयांतील सर्वच कर्मचारी क्रूर नव्हते. तुटपुंजे वेतन, प्रशिक्षणाचा अभाव आणि रुग्णांची प्रचंड संख्या यांमुळे दंडुका हाच उपचार ठरत होता. दयाळूपणे वागणारे परिचारकही बीअर्स यांना भेटले आणि त्यांच्याविषयी त्यांनी कृतज्ञतेने लिहिले. व्यक्तींना दोष देऊन व्यवस्था सुधारणार नाही, हा निष्कर्ष त्यांनी याच अनुभवातून काढला.

एका पुस्तकाने घडविलेला बदल

१९०३ च्या सप्टेंबरमध्ये बीअर्स यांना घरी जाऊ देण्यात आले. ते पुन्हा न्यूयॉर्कमध्ये नोकरी करू लागले. परंतु रुग्णालयात ठरविलेले कार्य ते विसरले नव्हते. १९०५ च्या प्रारंभी उन्मादाची लक्षणे पुन्हा जाणवू लागताच ते स्वतःहून रुग्णालयात दाखल झाले आणि सुमारे महिनाभराच्या तेथील वास्तव्यात त्यांनी आपल्या आत्मकथनाचा मोठा भाग लिहून काढला. आजाराची चाहूल ओळखून आपणहून उपचार घेण्याचे हे पाऊल त्या काळात दुर्मीळ होते.

हस्तलिखित तयार झाल्यावर ते थेट प्रसिद्ध करण्याचा मोह त्यांनी टाळला. एका माजी मनोरुग्णाच्या शब्दावर समाज विश्वास ठेवणार नाही, याची त्यांना जाणीव होती. म्हणून त्यांनी प्रतिष्ठित व्यक्तींचा पाठिंबा मिळविण्यास सुरुवात केली. हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०६ मध्ये हस्तलिखित वाचून त्याची मनापासून प्रशंसा केली. त्यांचे पत्र पुढे पुस्तकाच्या प्रारंभी छापण्यात आले. जेम्स यांनी या कार्याला आर्थिक साहाय्यही केले. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले विख्यात मानसोपचारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी मजकुरात अनेक सुधारणा सुचविल्या. चळवळीला ‘मेंटल हायजीन’, म्हणजे मानसिक आरोग्यरक्षण, हे नावही त्यांनीच सुचविले.

१९०८ च्या मार्च महिन्यात ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वतःचा पुन्हा शोध लागलेल्या मनाची ही कहाणी होती. आपला आजार, भ्रम, चुका आणि भोगलेला छळ या साऱ्यांविषयी लेखकाने स्वतःच्या खऱ्या नावानिशी लिहिले होते. ज्या संस्थांमध्ये हा छळ झाला त्यांची नावे मात्र त्यांनी पुस्तकात दिली नाहीत. सूड उगविणे हा त्यांचा हेतू नव्हता. कुटुंबात मानसिक आजार असल्याचे शेजाऱ्यांनाही कळू न देण्याच्या त्या काळात एका पदवीधर तरुणाने हे सारे जाहीरपणे मांडावे, ही घटनाच वाचकांना हादरवून गेली. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

संस्थांची उभारणी

पुस्तकानंतर लगेचच, ६ मे १९०८ रोजी, न्यू हेवन येथे मोजक्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत कनेक्टिकट मानसिक आरोग्य संस्थेची स्थापना झाली. रुग्णांच्या देखभालीचा दर्जा सुधारणे, मानसिक आजारांविषयीचे गैरसमज दूर करणे, आजार टाळण्यासाठी प्रयत्न करणे आणि रुग्ण व कुटुंबीयांना योग्य माहिती देणे ही तिची उद्दिष्टे होती. पुढील वर्षी, १९ फेब्रुवारी १९०९ रोजी, राष्ट्रीय समितीची स्थापना करण्यात आली. आजच्या ‘मेंटल हेल्थ अमेरिका’ या संस्थेचा इतिहास येथूनच सुरू होतो.

प्रारंभीची वर्षे अत्यंत कठीण होती. बीअर्स यांनी कर्ज काढून काम चालू ठेवले. मायर यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. काम स्थानिक पातळीवर सावकाश वाढवावे, असे मायर यांचे मत होते, तर बीअर्स यांना देशव्यापी संघटना हवी होती. अखेर मायर समितीतून बाहेर पडले. पुढे हेन्री फिप्स या उद्योगपतींनी ५० हजार डॉलरची देणगी दिली आणि समितीच्या कामाला स्थैर्य आले. डॉ. थॉमस सॅमन यांच्या नेतृत्वाखाली विविध राज्यांतील मनोरुग्णांच्या स्थितीची पाहणी करण्यात आली. पहिल्या महायुद्धात आघाडीवर मानसिक आघात झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या उपचारांची व्यवस्था उभारण्यातही सॅमन यांचा मोठा वाटा होता.

१९१३ मध्ये न्यू हेवन येथे बाह्यरुग्णांसाठी मानसोपचार केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील अशा प्रकारच्या पहिल्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. रुग्णाने घरी राहावे, आपले काम करावे आणि गरजेप्रमाणे सल्ल्यासाठी केंद्रात यावे, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी मात्र मानसिक आजार म्हणजे कुलूपबंद दार, असेच समीकरण होते. हे केंद्र पुढे बीअर्स यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

१९२२ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना मानद पदवी प्रदान केली. चळवळ अन्य देशांतही पसरली. १९३० मध्ये वॉशिंग्टन येथे मानसिक आरोग्यविषयक पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या आयोजनात बीअर्स यांचा पुढाकार होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक मानसिक आरोग्य महासंघाची मुळे या आंतरराष्ट्रीय कार्यात आहेत.

मर्यादा आणि अखेर

या चळवळीच्या मर्यादाही होत्या. प्रतिष्ठितांचा पाठिंबा मिळविताना सूत्रे हळूहळू डॉक्टर आणि देणगीदार यांच्या हाती गेली. एका रुग्णाने सुरू केलेल्या संघटनेत अन्य रुग्णांना मात्र फारसे स्थान मिळाले नाही. रुग्णालयांतील छळाचा प्रश्न मागे पडून प्रतिबंधाच्या कामावर अधिक भर दिला गेला. त्या काळात अमेरिकेत प्रबळ असलेल्या सुप्रजननवादी विचारांचीही छाया चळवळीवर पडली. दुर्बल ठरविलेल्या व्यक्तींना अपत्ये होऊ नयेत, असे मानणाऱ्या या विचारातून अनेक राज्यांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले. चळवळीतील काही धुरीण या विचारांचे समर्थक होते. दुसरीकडे सरकारी मनोरुग्णालयांतील गर्दी वाढतच गेली. १९५५ पर्यंत तेथील रुग्णांची संख्या साडेपाच लाखांवर पोहोचली होती.

बीअर्स यांच्या कुटुंबाला मानसिक आजारांची झळ वारंवार बसली. १९१२ मध्ये क्लारा जेपसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. तीन दशके अव्याहत काम केल्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली. १९३९ मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल झाले. तेथेच ९ जुलै १९४३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ज्यांनी रुग्णांसाठी आयुष्य वेचले, त्यांची अखेरही मनोरुग्णालयातच झाली, याकडे काही जण शोकांतिका म्हणून पाहतात. परंतु मानसिक आजार एकदा बरा झाला की पुन्हा येणारच नाही, असा दावा बीअर्स यांनी कधी केला नव्हता. आजार पुन्हा उद्भवू शकतो. तरीही दोन आजारपणांच्या मध्ये माणूस काम करू शकतो, संसार करू शकतो, संस्था उभारू शकतो. त्यांच्या जीवनाने हेच दाखवून दिले. मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला आपण जो न्याय लावतो, तोच येथेही लागू होतो.

बेड्या वितळवून घडविलेली घंटा

बीअर्स यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी एक वेगळी घटना घडली. त्यांच्या संघटनेने देशभरातील मनोरुग्णालयांतून वापरातून बाद झालेल्या साखळ्या आणि बेड्या गोळा केल्या. १३ एप्रिल १९५३ रोजी बाल्टिमोर येथील ओतशाळेत त्या वितळवून सुमारे १३६ किलो वजनाची घंटा ओतण्यात आली. ही घंटा आजही संघटनेचे प्रतीक आहे. पुढे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी समाजाधारित मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मात्र ठरविलेल्या केंद्रांपैकी अनेक केंद्रे कधीच उभी राहिली नाहीत. रुग्णालयांतून बाहेर पडलेल्या अनेक रुग्णांना समाजात आधार मिळाला नाही.

साखळ्यांचा हा प्रश्न भारतालाही अपरिचित नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी निवासस्थानाला आग लागून २८ जणांचा मृत्यू झाला. साखळ्यांनी बांधलेले असल्याने अनेकांना पळून जाता आले नाही. या घटनेची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकारही याच कायद्याने दिला.

रुग्णाला समाजात ठेवूनच उपचार करण्याचे प्रयत्न भारतातही झाले आहेत. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून रुग्णांच्या नातलगांना सोबत राहू दिले आणि त्यांना उपचारात सहभागी करून घेतले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा पातळीवर सेवा नेण्यास प्रारंभ झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, विविध मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. अपुरी साधने हे त्याचे एक कारण आहे, तर लोकलज्जा हे दुसरे. तरुण वयात बीअर्स यांनी आपली भीती सहा वर्षे लपवून ठेवली होती, तीही याच लज्जेपोटी.

मनावरील ताण असह्य झाल्यास किंवा घरातील कोणाविषयी चिंता वाटल्यास केंद्र सरकारच्या ‘टेलि मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस संपर्क साधता येतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे.